गिनीची पिल्ले आणि पाऊस

आमच्या मालवणच्या परसातली गिनी कोंबडीची सात पिल्ले पहिल्याच पावसात गेली. घात केला तो ओल्या गवताने. गिनीची मादी पिल्लांना त्यातून फिरवत राहते. ती भिजतात, गारठतात. म्हणून अंडी खुडूक गावठी कोंबडीखाली ठेवावीत. मात्र तिला २१ ऐवजी २६ ते २८ दिवस बसावे लागते.

तपकिरी पट्टेरी अंग, तांबूस चोच आणि पाय ही पिल्लांची खूण. त्यांच्याखाली गोणपाट अंथरावे. वर्तमानपत्रावर पाय घसरून फाकतात. पाण्याच्या बशीत खडे टाकावेत, नाहीतर पिल्लू बुडते. नर-मादी कानांनी ओळखावी : दोनेक महिन्यांनी मादी दोन अक्षरी साद घालू लागते, नराला ती जमत नाही.

पिसे भरेपर्यंत त्यांना कोरडे राखा. मग हीच पाखरे घार दिसताच ओरडून सारी वाडी जागी करतील.