मोडलेल्या पॉलिसीतला पैसा कुणाचा?

(लेखांक सहावा)

तिशीतल्या माणसाचा येत्या वर्षभरात मृत्यू होण्याची शक्यता अगदी थोडी असते. सत्तरीत ती कितीतरी पटींनी वाढते. जोखमीप्रमाणे दरवर्षी हप्ता वाढवत नेला, तर म्हातारपणी तो फारच थोड्यांना झेपेल. लंडनचे गणितज्ञ जेम्स डॉडसन यांनी यावर तोड काढली. पंचेचाळिशी उलटली म्हणून एका विमा संस्थेने त्यांना सभासद करून घेतले नव्हते. मृत्यूच्या नोंदी घेऊन ते बसले आणि जन्मभर एकसारखा राहील असा हप्ता त्यांनी मांडून दाखवला. 1757 मध्ये ते वारले. त्यांच्या हिशोबावर उभी राहिलेली ‘इक्विटेबल’ सोसायटी 1762 मध्ये सुरू झाली.

हप्ता जन्मभर सारखा ठेवायचा, तर तरुणपणी जोखमीपेक्षा जास्त पैसे भरावे लागतात. हा जादा पैसा कंपनीकडे साठतो, व्याजाने वाढतो आणि पुढे महागलेल्या जोखमीला पुरतो. आजीवन विम्यातली ‘बचत’ ती हीच. मग कुणी पॉलिसी मध्येच मोडली, तर हा साठा कुणाचा?

बराच काळ तो कंपनीचाच मानला जाई. हप्ता थकला की भरलेले सगळे बुडाले.

हा अन्याय सर्वांत जास्त खुपला तो एलायझर राइट या अमेरिकी माणसाला. ओहायोतल्या कॉलेजात गणित शिकवलेले राइट गुलामगिरीविरोधी चळवळीतले कट्टर कार्यकर्ते होते. 1844 मध्ये ते लंडनला गेले, तेव्हा रॉयल एक्सचेंजमध्ये त्यांनी एक लिलाव पाहिला. हप्ते झेपेनासे झालेल्या वृद्धांच्या पॉलिसी तिथे विकल्या जात होत्या. विकत घेणारा पुढचे हप्ते भरणार आणि म्हातारा जितका लवकर मरेल तितका जास्त कमावणार. राइट यांना गुलामांचा बाजार आठवला. पुढची कित्येक वर्षे त्यांनी प्रत्येक पॉलिसीत किती साठा असायला हवा याची कोष्टके तयार करण्यात घालवली. 1858 मध्ये ते मॅसॅच्युसेट्सचे विमा आयुक्त झाले. 1861 मध्ये तिथे कायदा झाला: हप्ता थांबला तरी साठ्याच्या चार-पंचमांश रकमेतून ग्राहकाचा विमा काही काळ चालू ठेवायचा. रोख परताव्याचा कायदा व्हायला मात्र 1880 उजाडले. आज ज्याला आपण सरेंडर व्हॅल्यू म्हणतो, तिच्यामागे या एका माणसाचा हट्ट आहे, आणि तो प्रत्येक विमेदाराला ठाऊक असायला हवा.

भारतात 1938 च्या विमा कायद्याने हा हक्क दिला, पण सलग तीन वर्षे हप्ते भरल्यावरच. 2019 च्या नियमांनी किमान हमी ठरवली: दुसऱ्या वर्षी भरलेल्या हप्त्यांच्या 30 टक्के, तिसऱ्या वर्षी 35, चौथ्या ते सातव्या वर्षी 50. वर्षाला 50,000 भरणाऱ्याने दोन हप्त्यांनंतर पॉलिसी मोडली, तर एक लाखातले 30,000 हमखास हाती येणार. बाकीचे जातात कुठे? एजंटचे कमिशन, वैद्यकीय तपासणी, मुद्रांक, कार्यालयीन खर्च, शिवाय तेवढ्या काळाची जोखीम. पहिल्या हप्त्याचा मोठा घास कमिशनच घेते. 1 ऑक्टोबर 2024 पासून विमा नियामकाने एक पूर्ण वर्षाचा हप्ता भरणाऱ्यालाही विशेष सरेंडर मूल्य देणे बंधनकारक केले. पहिल्याच वर्षानंतर सगळे गमावण्याची वेळ आता येत नाही, तरी तोटा राहतोच.

टिकून राहणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. एलआयसीच्या ‘जीवन उमंग’मध्ये हप्त्यांची मुदत संपल्यावर दरवर्षी मूळ विमा रकमेच्या 8 टक्के मिळतात. हा आकडा ऐकून अनेकजण बँकेच्या व्याजाशी तुलना करतात, आणि इथेच फसगत होते. हे 8 टक्के विमा रकमेवरचे आहेत, गुंतवणुकीवरचा परतावा नव्हेत. त्याआधी 15 ते 30 वर्षे पैसा अडकून पडलेला असतो. खरा दर काढताना ती सगळी वर्षे धरावी लागतात. म्हणून निव्वळ बचतीसाठी अशी पॉलिसी घेणाऱ्याने आधी पीपीएफशी हिशोब जुळवून पाहावा, आणि घराला संरक्षण हवे असेल तर टर्म इन्शुरन्सचा हप्ता विचारावा.

सही करण्याआधी लाभाचा तक्ता मागून घेणे हा ग्राहकाचा हक्क आहे. त्यात 4 आणि 8 टक्के परतावा गृहीत धरून वर्षागणिक आकडे दिलेले असतात. ते गृहीतक आहे, आश्वासन नव्हे. त्यातला सरेंडरचा रकाना पाचव्या आणि दहाव्या वर्षापाशी वाचावा. पॉलिसी हाती आल्यावर मन बदलले, तर 30 दिवसांत ती परत करता येते. वैद्यकीय तपासणी, मुद्रांक आणि तेवढ्या दिवसांच्या जोखमीचे पैसे वजा करून बाकीचा हप्ता कंपनीला परत द्यावाच लागतो.