नव्या घोड्याशी मैत्री

रायगड जिल्ह्यातील माथेरान येथे दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटारींना प्रवेश नाही. तेथील अनेक कुटुंबांची उपजीविका घोड्यावर अवलंबून आहे. नवा घोडा दारी आला, की खोगीर चढवण्यापूर्वी त्याचा विश्वास संपादन करावा लागतो.

शत्रूची चाहूल लागताच पळणे हा घोड्याचा स्वभाव होय. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. मात्र कपाळाच्या अगदी समोरचे व शेपटीमागचे दिसत नाही. म्हणून हलक्या आवाजात बोलत, खांद्याच्या बाजूने त्याच्याजवळ जावे. त्याने कान मागे दाबले, तर थांबावे. चंदी, पाणी व खरारा रोज ठरावीक वेळी, शक्यतो एकाच माणसाने करावा. आयाळीच्या मुळाशी खाजवल्यास त्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात व तो शांत होतो.

रागीट चेहऱ्याचे छायाचित्र पाहताच घोड्याच्या हृदयाचे ठोके लवकर वाढतात, असे इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांना २०१६ साली आढळले. चाबकाच्या धाकाने घोडा चालतो खरा. परंतु अरुंद उतरणीवर अचानक बिथरलेला घोडा ओळखीच्या आवाजानेच सावरतो. पाठीवरील स्वाराची सुरक्षितता या विश्वासावर अवलंबून असते.