तीन कुलुपांच्या पेटीतली माणसं

घराण्याचा इतिहास म्हटलं की सनदा, वतनं आणि वाडे आठवतात. इंग्लंडच्या खेड्यात मात्र साध्या शेतमजुराच्याही कित्येक पिढ्या कागदावर सापडतात. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीने, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवावी. पुढे या वह्या तीन कुलुपांच्या पेटीत ठेवायचा नियम झाला. दरसाल एक नक्कल बिशपकडे जाई. मूळ वही कसरीने खाल्ली, तरी ती नक्कल कामाला येते.

शोध मागे मागे न्यायचा. १८३७ पासूनचे सरकारी जन्म-मृत्यू दाखले आणि १८४१ ची जनगणना आधी पाहायची, मग पॅरिशच्या वह्या. तारखा जपून वाचायच्या. १७५२ पूर्वी तिथे वर्ष २५ मार्चला बदलत असे. त्यामुळे मे १७२० मधलं लग्न आणि फेब्रुवारी १७२० मधला बाळाचा बाप्तिस्मा यांत चूक काहीच नाही. मध्ये नऊ महिने गेलेले आहेत.

पण वह्यांत नुसती नावं मिळतात. माणूस भेटतो तो त्याच पेटीतल्या गरिबांच्या कागदांत. गरिबांना पोसायचा भार पॅरिशवर होता आणि १६६२ च्या कायद्याने परगावचा गरीब त्याच्या हक्काच्या पॅरिशात परत धाडता येई. त्यासाठी दोन न्यायाधीश त्याची शपथेवर जबानी घेत: जन्म कुठला, कोणाच्या शेतावर राबलास, किती पगारावर, लग्न कधी झालं? सलग वर्षभर चाकरी केली की हक्क मिळे, म्हणून काही शेतकरी एक्कावन्न आठवड्यांचाच करार करत. अविवाहित गरोदर बाईला तर बाळंत होण्याआधी हद्दीबाहेर काढत. हे वाचताना संताप येतो. तरी त्याच कद्रूपणामुळे, सही न येणाऱ्या माणसाची जन्मकथा त्याच्या फुलीसकट आपल्यापर्यंत आली आहे.

एखाद्या मुलाचा बाप्तिस्मा गावात सापडतो, दफन मात्र कुठेच नाही. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत गेला असेल, तर मुंबई इलाख्याच्या नोंदीही पाहाव्यात. इथल्या युरोपियनांच्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नकला लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत.