शितावरून भाताची परीक्षा, आणि त्या परीक्षेला बक्षीस

एक शीत दाबून पाहिले की भात शिजला की नाही ते कळते. बाजारपेठेची पाहणी, म्हणजेच मार्केट रिसर्च, याच तत्त्वावर चालते. थोड्या गिऱ्हाइकांना विचारायचे व साऱ्या बाजाराचा अंदाज बांधायचा. मात्र शीत चुकीचे उचलले तर अंदाज फसतो आणि माल अंगावर पडतो. ही चूक टाळणारे सॉफ्टवेअर बनविणाऱ्यांना आता पुरस्कारही मिळू लागले आहेत.

ब्रिटनमधील मार्केट रिसर्च सोसायटी ही 1946 सालची संस्था. तिने असोसिएशन फॉर सर्व्हे कम्प्युटिंग या संस्थेसह असा पुरस्कार सुरू केला. त्याच्या नावातच तंत्रज्ञानाच्या 'परिणामकारकते'चा उल्लेख आहे. यंत्र किती झगमगीत आहे यापेक्षा काम किती चोख झाले, याला मोल आहे. आपल्या देशात 1988 मध्ये स्थापन झालेली मार्केट रिसर्च सोसायटी ऑफ इंडिया 'गोल्डन की' पुरस्कार देते. ते एकंदर संशोधनकार्यासाठी असतात.

चांगले सॉफ्टवेअर करते तरी काय? घरात शेळ्या नाहीत असे उत्तर आले, की शेळ्यांविषयीचे पुढचे प्रश्न ते आपोआप गाळते. वय बारा आणि मुले चार अशी नोंद झाली, तर तिथेच अडवते. नोंद कोठे व किती वाजता झाली हेही टिपते. त्यामुळे हॉटेलात बसून फॉर्म भरणाऱ्याचे पितळ उघडे पडते. रेंज नसेल तर माहिती फोनमध्ये साठवून नंतर पाठविते.

ही गोष्ट धाराशिवपासून दूरची नाही. विसाव्या पशुगणनेत माहिती टॅबलेटवर भरली गेली. एकविसावी गणना 25 ऑक्टोबर 2024 रोजी मोबाईल ॲपवर सुरू झाली. तीत जनावरांची नोंद जातीनिहाय करायची होती. उस्मानाबादी शेळीचा व्यापार करणाऱ्यांना या आकड्यांचे मोल सांगायला नको. पिकांचेही तसेच. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर 'ई-पीक पाहणी' सुरू झाली. शेतकरी बांधावर उभा राहून पिकाचा फोटो काढतो, आणि फोटोबरोबर जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदले जातात. सातबाऱ्यावर सोयाबीनची नोंद नसेल, तर हमीभाव खरेदी केंद्रावर अडचण येते. एका चुकीच्या बटणाची किंमत अशी मोजावी लागते.

म्हणून पुरस्कारापेक्षा एक प्रश्न मोठा आहे: मोजणीतून कोण सुटले? ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, ज्याला ॲपची भाषा कळत नाही, तो आकड्यांतही दिसत नाही. उत्तम सॉफ्टवेअरची खरी कसोटी तोच माणूस आहे.

आपल्या व्यापारी बांधवांनी यातून एवढे घ्यावे. नवा माल भरण्यापूर्वी पाच-सहा सोपे प्रश्न मराठीत तयार करावेत. मोबाईलवरील मोफत फॉर्म त्याला पुरतो. केवळ ओळखीच्यांना विचारू नये. बाजाराच्या दिवशी खेड्यांतून येणाऱ्यांनाही विचारावे, बायकांनाही विचारावे. "हे आवडेल का?" असे विचारले तर सगळेच हो म्हणतात. "मागच्या महिन्यात काय घेतले, कितीला घेतले?" असे विचारावे. आणि गिऱ्हाइकाचा फोन नंबर त्याच्या परवानगीशिवाय कोणाला देऊ नये. विश्वास गेला, तर पुढच्या वेळी खरे उत्तर मिळत नाही, मग सॉफ्टवेअर कितीही बक्षीसपात्र असो.