तापीकाठचे सुतक

६ फेब्रुवारी २०२२ चा तो रविवार. आदल्याच दिवशी वसंतपंचमी होऊन गेली होती. सकाळी मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयातून वार्ता आली की लता मंगेशकर गेल्या. वय ९२, जवळजवळ महिनाभर त्या तेथे होत्या, तेव्हा वार्ता अगदीच अनपेक्षित म्हणता येत नव्हती. तरीही लिंबायत, उधना, डिंडोली येथील आपल्या वस्त्यांत त्या दिवशी जी स्तब्धता पसरली, ती केवळ एका थोर गायिकेच्या निधनाची नव्हती. घरात सुतक आल्यासारखी माणसे हळू बोलत होती. सायंकाळी शिवाजी पार्कवरील अंत्यसंस्कार दूरचित्रवाणीवर पाहताना कित्येक घरी चूल पेटवण्याचे भान राहिले नाही.

सरकारने दोन दिवसांचा दुखवटा पाळला. आमच्या एका गुजराती स्नेह्यांनी मात्र त्या दिवसांत निर्मळपणे विचारले, "लताबेन तुमच्या कोण लागत होत्या?"

प्रश्न साधा, पण त्याचे उत्तर तापीच्या वरच्या अंगाला, थाळनेरला जाऊन शोधावे लागते. धुळे जिल्ह्यातले हे गाव एकेकाळी फारुकी सुलतानांची राजधानी होते. तेथले शेठ हरिदास लाड हे गुजराती गृहस्थ. त्यांची कन्या नर्मदा ही मास्टर दीनानाथांची पहिली पत्नी. तिच्या अकाली निधनानंतर तिची धाकटी बहीण शेवंती दीनानाथांच्या घरी आली. त्याच माई मंगेशकर, लताबाईंच्या मातोश्री. म्हणजे वडील गोव्याच्या मंगेशीचे, जन्म इंदूरचा आणि आजोळ खानदेशातले, पण गुजराती! पावागडचे गरबे लताबाई आपल्या आजीकडूनच शिकल्या होत्या. तेव्हा आम्ही त्या स्नेह्यांना सांगितले, "लेक तुमची, गाव आमचे. सुतक दोघांनाही आहे."

मराठ्यांची आणि सुरतेची पहिली ओळख कशी झाली, हे येथे उगाळण्याचे कारण नाही. यजमान अजून थट्टेत त्याची आठवण देतात! आपल्यापैकी बहुतेकांचे वाडवडील मात्र तलवार घेऊन नव्हे, वळकटी घेऊन आले. १९०० च्या सुमारास पुरा झालेला तापी खोऱ्याचा लोहमार्ग त्यांना खानदेशातून उधन्यापर्यंत उतरवीत असे. थाळनेरला वळसा घालून जे पाणी पुढे सुरतेला येते, त्याच्या बरोबरीनेच ही माणसे आली.

लूम्सच्या खात्यात यंत्रांच्या खडखडाटापुढे कानाशी बोललेले ऐकू येत नाही, मग गाणे कुठले? ते भेटायचे पाळी सुटल्यावर, चहाच्या लारीवरल्या रेडिओत. बारा तास बहिरे झालेल्या कानांवर प्रथम जो माणसाचा आवाज पडे तो पुष्कळदा लताबाईंचा असे. जाणकारांनी त्यांच्या तारसप्तकाची खुशाल चर्चा करावी. बायकामुले गावी ठेवून एका खोलीत सहा-सहाजणांनी दिवस काढलेल्या माणसाला त्या आवाजात काय मिळत असेल, याचा हिशेब संगीतशास्त्रात सापडत नाही.

येथे आम्हांस अमेरिकेतील बी. बी. किंग यांची आठवण होते. कापसाच्या शेतांत राबणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या दुःखातून तिकडे 'ब्लूज' ही गायकी जन्माला आली. किंग यांनी स्वतः मिसिसिपीच्या सपाट प्रदेशात कापूस वेचला होता, ट्रॅक्टर हाकला होता. १४ मे २०१५ रोजी वयाच्या ८९ व्या वर्षी ते लास व्हेगासला निवर्तले. परंतु त्यांच्या माणसांनी त्यांना तेथे राहू दिले नाही. मेम्फिसच्या ज्या बील स्ट्रीटवर त्यांनी नाव मिळविले तेथून वाजतगाजत त्यांची अंत्ययात्रा निघाली, आणि ३० मे रोजी इंडियानोला या त्यांच्या मूळच्या मुलखातील गावी त्यांना माती दिली गेली. काळ्या रानात कापूस वेचलेल्या खानदेशी माणसाला यातले मर्म निराळे समजावून सांगावयास नको.

थाळनेरच्या वाट्याला असे काही आले नाही. आजोळाचा हक्क तेवढाच! लताबाईंच्या अस्थी १० फेब्रुवारीला नाशिकच्या रामकुंडात, गोदावरीत विसर्जित झाल्या. चिमूटभर तापीतही सोडल्या असत्या तर त्या वाहत आपल्या दारावरून गेल्या असत्या, असे येथील काही वडीलधाऱ्यांना वाटले. आम्हांसही वाटले.

त्याच वर्षी ३१ ऑगस्टला गणेश चतुर्थी आली. पोरांनी नेहमीप्रमाणे मंडपात ध्वनिवर्धक बांधले, आणि समर्थांची आरती लागली ती त्यांच्याच आवाजात. मुले टाळ्यांचा ठेका धरून गाऊ लागली. मागे उभ्या असलेल्या आजीबाईंनी मात्र पहिले कडवे संपेपर्यंत तोंड उघडले नाही. नुसते ऐकत राहिल्या.