जिनिंगचा मिस्त्री आणि नवे पॅनेल

अकोट आणि कापूस हे नाते जुने आहे. हंगाम लागला की जिनिंग-प्रेसिंगवर व्यापारी, हमाल, फिटर, वायरमन अशा कितीतरी घरांची चूल पेटते. या धंद्यातील आपल्या बांधवांसमोर उभा असलेला एक प्रश्न आम्ही येथे मांडत आहोत.

मूळ यंत्र फारसे बदललेले नाही. १८४० साली अमेरिकेत मॅकार्थी यांनी रोलर जिनचे पेटंट घेतले. कातड्याचा रोलर रुई ओढतो आणि पट्ट्या सरकी वेगळी करतात. आजची डबल रोलर जिनही याच तत्त्वावर चालते. बदलले ते भोवतालचे काम. केंद्र सरकारने २००० साली कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले आणि त्यात जिनिंगच्या आधुनिकीकरणाला मदत दिली. डोक्यावरच्या टोपल्यांच्या जागी हवेचे पाइप व पट्टे आले, ऑटो फीडर आले, १७० किलोची गाठ बांधणारे स्वयंचलित प्रेस आले. या सर्वांना हुकूम देणारी पेटी म्हणजे पीएलसी.

ही पेटीही वायरमनच्या अडचणीतूनच जन्मली. मोटारीचे मॉडेल बदलले की रिले पॅनेलच्या असंख्य तारा नव्याने जोडाव्या लागत. म्हणून १९६८ साली जनरल मोटर्सने नवा उपाय मागितला आणि डिक मॉर्ले यांच्या मंडळींनी मोडिकॉन बनवले. प्रोग्रामची भाषा त्यांनी रिलेच्या नकाशासारखी, शिडीच्या आकाराची ठेवली. हेतू हा की जुन्या वायरमनला ती वाचता यावी. तेव्हा हा इल्म आपल्या आवाक्याबाहेरचा आहे, असे कोणी समजू नये.

ऐन हंगामात प्रेस थांबतो. मिस्त्री बेअरिंग तपासतो, तेल पाहतो. दोष मात्र धुळीने झाकलेल्या सेन्सरमध्ये असतो. बाहेरगावचा इंजिनीअर येईपर्यंत कापसाच्या गाड्या फाटकात उभ्या राहतात आणि रोजंदारी बुडते. उलट लॅपटॉपवाल्या मुलाला सिग्नल दिसतो, पण रोलरची खाच झिजल्याने उतारा घटला आहे हे त्याला पडद्यावर दिसत नाही. ते उस्तादाच्या कानाला आणि बोटांनाच कळते. दोन्ही हुन्नर एका हातात आले, तर त्या कारागिराला मागणी राहील.

पावसाळ्यात जिन बंद असते. तोच शिकण्याचा काळ. आधी नकाशा वाचणे, मग मल्टिमीटरने सेन्सर तपासणे, मोटारीचा वेग बदलणारा ड्राइव्ह समजून घेणे आणि शेवटी शिडीची भाषा, असा क्रम ठेवावा. नागपुरात सिरकॉटचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. मुलांसाठी आयटीआयचे इलेक्ट्रिशियन व इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक हे अभ्यासक्रम उपयोगी आहेत.

कारखानदारांनाही आमची विनंती आहे. यंत्र घेताना पॅनेलचा नकाशा, प्रोग्रामची प्रत आणि पासवर्ड करारातच लिहून घ्यावा. तो नसेल तर शिकलेला मिस्त्रीही हात बांधून उभा राहील. प्रशिक्षणाचा खर्च हा एका दिवसाच्या बंदपेक्षा जड नसतो, हे हिशेब करून पाहावे.