शरणपूरची आफ्रिकी मुले

नाशिकची कीर्ती गोदावरीच्या घाटांवर आणि पंचवटीच्या देवळांवर उभी असल्यामुळे, शरणपूर रस्त्याने नित्य जाणाऱ्या-येणाऱ्या नागरिकास, त्या नावाच्या वसाहतीचा संबंध पूर्व आफ्रिकेच्या इतिहासाशी पोहोचतो याची सहसा वार्ताही नसते. चर्च मिशनरी सोसायटीचे काम येथे १८३२ साली सुरू झाले. परंतु घरादारास व जातीस मुकलेल्या नवख्रिस्ती कुटुंबांना निवारा आणि हातांना उद्योग मिळावा म्हणून विल्यम सॉल्टर प्राइस या पाद्र्याने १८५४ मध्ये शरणपूर वसविले, तेव्हा पुढे काय घडणार आहे याची कल्पना खुद्द त्यालाही नसावी.

हिंदी महासागरात गुलामांची वाहतूक करणारी गलबते इंग्रजी आरमार पकडीत असे, आणि त्यांतून सुटलेली जी मुले गाव-मुलूख सांगू शकत नसत, किंवा ज्यांचे गावच जाळून टाकलेले असे, त्यांतील कित्येकांची रवानगी मुंबईस होई; १८६० च्या सुमारास अशा मुलांचा आश्रम शरणपुरात आला, आणि सुतारकाम, लोहारकाम व अक्षरओळख यांत ती वाढू लागली. या दयेला एक उणी बाजू होती, ती लपविण्यात अर्थ नाही : मुलांची मूळ नावे बहुधा लोपली आणि विल्यम, मॅथ्यू, जेकब अशी परकी नावे त्यांच्या वाट्यास आली.

आफ्रिकेतील १८६६ च्या मोहिमेसाठी डेव्हिड लिव्हिंग्स्टन या मिशनरी-प्रवाशाने येथून नऊ मुले नेली. त्यांच्याविषयी त्याच्या तक्रारी पुष्कळ आहेत, आणि काही मुले त्याला सोडूनही गेली. ज्यांना धार्मिक चरित्रांत निष्कलंक नायकच वाचण्याची सवय आहे, त्यांना हे रुचणार नाही. परंतु त्या नवांपैकी एडवर्ड गार्डनर अखेरपर्यंत राहिला, आणि १८७२ मध्ये लिव्हिंग्स्टनला येऊन मिळालेल्या नव्या तुकडीतही शरणपूरचे तरुण होते. त्यांतलाच एक जेकब वेनराइट.

१ मे १८७३ रोजी चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला. सोबत्यांनी त्याचे हृदय झाडाखाली पुरले. प्रार्थनापुस्तकातील दफनविधी जेकबने वाचला आणि नाव व तारीख झाडाच्या खोडावर कोरली. मीठ लावून उन्हात वाळविलेला देह कापडात व झाडाच्या सालीत गुंडाळून, सुसी व चुमा या त्याच्या जुन्या सोबत्यांच्या नेतृत्वाखाली ही मंडळी समुद्राकडे निघाली. वाटेत उन्यान्येंबे येथे भेटलेल्या कॅमेरॉन या इंग्रज अधिकाऱ्याने देह तेथेच पुरण्याचा सल्ला दिला, तो त्यांनी मानला नाही. कोणाचा हुकूम नसता, मजुरीची शाश्वती नसता, नऊ महिने चालून १८७४ च्या फेब्रुवारीत ती समुद्रकाठच्या बागामोयोस पोहोचली. १८ एप्रिलला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत जेकब होता.

तथापि जेकबचे नाव निदान चरित्रग्रंथांत आले. तेवढेही वाट्यास न आलेले विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर हेही शरणपूरचेच; १८६४ च्या सुमारास ते मोंबासाजवळ राबाई येथे गेले, जेथे योहान रेबमान हा जर्मन मिशनरी १८४६ पासून, पुढे दृष्टी जात चालली तरी, ठाण मांडून बसला होता. १८७५ मध्ये प्राइसनेच मोंबासासमोर मुक्त गुलामांची फ्रिअरटाउन वसाहत उभारली, तिचा कणा हे शरणपुरी लोकच होते. १८८५ मध्ये जोन्स व सेमलर या दोघांना डीकनपदाची दीक्षा मिळाली. त्याच वर्षी युगांडाच्या वाटेवर असलेल्या बिशप हॅनिंग्टनचा बुसोगात वध झाला, आणि त्याचा उरलेला तांडा सांभाळून परत आणला तो जोन्सने.

मिशनांच्या इतिहासात चिकाटीचे श्रेय साहेबास आणि कृपेचे पात्र म्हणून एतद्देशीयास अशी वाटणी रूढ आहे. शरणपूरच्या दप्तराला ती लागू पडत नाही. ज्यांच्यावर दया झाली, त्यांनीच ती पुढे नेली, आणि तीही अधिक खडतर वाटेने. शरणपुरात वा नाशकात कोणाच्या घरी त्या काळची पत्रे, नोंदवह्या, छायाचित्रे असतील, तर ती वाळवीच्या स्वाधीन होण्यापूर्वी एखाद्या ग्रंथालयाच्या हवाली करावीत.